देव्हाऱ्यातला पाव्हणा

माझ्या नवऱ्याचे पाय मला अजून दिसतात. डाव्या पायाचा अंगठा घोडीच्या टापेखाली सापडून आत वळलेला, टाचांना भेगा, घोट्यापर्यंत फुफाटा. पाठ आठवते, मान आठवते, भाकरी घ्यायला पुढे केलेला हात आठवतो. तोंड आठवत नाही. आठवत नाही हे म्हणणंही खरं नाही, कारण ते मी कधी धड पाहिलंच नव्हतं.

आजच्या मुलींना हे सांगितलं की त्या हसतात. हसू देत. मी परकर सोडून नुकती लुगडं नेसू लागले होते तेव्हा मोशीला नांदायला आले. घरात सासू, सासरे, दीर, येणारी-जाणारी भावकी. सुनेचा पदर कपाळाखाली आणि नजर जमिनीवर. नवरा समोरून आला की भिंतीला लागून उभं राहायचं. घरात जागा इतकी थोडी की मी आत्याबाईंजवळ निजत असे, आणि ते गोठ्यात घोडीजवळ. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. एकदा जत्रेहून येताना नवऱ्यानं माझ्यासाठी धोतराच्या सोग्यात रेवड्या आणल्या आणि काही न बोलता जात्याच्या पाळीवर ठेवल्या. मी रेवड्या पाहिल्या, पाय पाहिले, आणि मान वर करायचं धाडस होईपर्यंत पाय निघून गेले. आमचा संसार तो एवढाच.

आमच्या भागात बैलगाडा म्हणजे जीव की प्राण. चढाच्या धावपट्टीला घाट म्हणतात. त्या घाटावरून बैल सुटले की त्यांच्या पुढे एक घोडी पळवतात, म्हणजे बैल तिच्या मागे जीव तोडून धावतात. आमच्या बैलांपुढची घोडी हे धरायचे. अंगानं हलके, खोगिराशिवाय बसायचे, आणि "चल गं बाय" एवढंच घोडीला म्हणायचे. त्यांचा आवाज मला ठाऊक आहे तो या तीन शब्दांपुरता.

गोऱ्यांच्या दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. निघोज्याच्या जत्रेत आमचा गाडा घाटात आला आणि निम्म्यात यांच्या हातून घोडीचा दोर सुटला. हे खाली पडले, घोडी घाट सोडून बाहेर गेली, तिच्या मागे बैलही गेले आणि एका बैलाचा पाय दगडात मोडला. तो बैल मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, वासरापासून वाढवलेला. भरल्या जत्रेत ते लेकावर ओरडले, "दोर सुटतुयाच कसा? हाताला गुंडाळायला काय झालं व्हतं? पुन्यांदा तोंड दावू नगंस मला!"

बाप रागात असं म्हणतोच. संध्याकाळी मुलगा घरी येतो, आई ताट वाढते, विषय मिटतो. हे घरी आलेच नाहीत. चालत खडकीला गेले आणि पलटणीत भरती झाले. त्यांना कोणी ओढून नेलं नव्हतं, घरात उपासमार नव्हती, इंग्रजावर प्रेम तर नव्हतंच. जनावरं सांभाळता येतात म्हटल्यावर त्यांना खेचरांच्या तुकडीत घातलं, हे पुढे कळलं. वय वाढवून सांगितलं असणार. तिकडे तेव्हा कोणी फार विचारत नव्हतं.

लढाई सरत आली असताना तार आली. इटली नावाच्या मुलखात गेले, एवढं शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवलं. बायकांनी मला धरून बसवलं आणि दगडानं माझ्या बांगड्या फोडल्या. मी हंबरडा फोडला. सगळ्या म्हणाल्या, पोरीची माया केवढी! खरं तर त्या हिरव्या बांगड्या मी आदल्याच बाजारी चाकणला भरल्या होत्या आणि मला रडू येत होतं ते त्या फुटल्या म्हणून. तेव्हाही मला ते ठाऊक होतं. त्या दिवसापासून माझ्या आत जी लाज येऊन बसली ती काही उठली नाही.

मग स्वराज्य आलं, आणि आमची लाज गावाचीही झाली. शाळेत झेंडावंदन होई. देशासाठी गेलेल्यांची नावं घेतली जात. मामंजी धुतलेलं पागोटं बांधून पुढच्या रांगेत उभे राहत आणि नावं संपली की खाली मान घालून घरी येत. नदीवर धुणं धुताना एखादी बाई सहज म्हणून जाई, "गोऱ्याच्या शिपायाची बाईल ना तू?" मी धुणं आपटत राही. गेले ते कोणासाठी हे मलाही सांगता येत नव्हतं. माझ्याच मनात कधी कधी येई, एवढं मरायचंच होतं तर स्वराज्याच्या मिरवणुकीत गोळी खाऊन मरायचं, निदान आम्हाला मान वर करता आली असती. असला विचार करणारी बायको! पण येई खरा.

पिंपरीला तेव्हा कारखाना उभा राहत होता. आमच्या गावची तरुण पोरं भल्या पहाटे भाकरी बांधून तिकडे जायला लागली होती. त्या कारखान्याच्या फाटकावर निघोज्याचा एक माणूस पहारेकरी म्हणून लागला. लष्करातून नुकताच सुटून आलेला, उजव्या हाताची दोन बोटं नसलेला. एके दिवशी तो आमच्या पडवीत येऊन बसला आणि म्हणाला, "बाबा, तुमचा लेक आन् मी एकाच तुकडीत व्हतो. मला यायला लई उशीर झाला."

मी दाराआड उभी होते. आत्याबाई उंबऱ्यावर बसल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता; उजेड-अंधार कळायचा, माणूस कळायचा नाही.

तो सांगू लागला. तिकडे डोंगर, पाऊस आणि गुडघाभर चिखल. वर लढणाऱ्यांना पाव आणि दारूगोळा खेचरांवर लादून न्यायचा. वाट एका खेचराच्या रुंदीची, एका अंगाला दरी. तोफेचा गोळा जवळ पडला, खेचर बिथरलं आणि पाय घसरून दरीत गेलं. "आमी वरडलो, दोर सोड, सोड! पर त्यानं सोडला न्हाई. सोडनार कसा? मनगटाला गुंडाळलेला व्हता. रोज गुंडाळायचा. आमी म्हनायचो, येड्या, असं करू ने. तर म्हनायचा, न्हाई बा, हाताला गुंडाळायचा आसतो."

तो हे कौतुकानं सांगत होता. आपल्या दोस्तानं जनावर सोडलं नाही, याचा त्याला अभिमान होता. मामंजी उठले आणि बैलांना वैरण टाकायला गेले. वैरण सकाळीच टाकून झाली होती.

त्यानंतर त्यांनी लेकाचा टाक करायचं मनावर घेतलं.

टाक म्हणजे चांदीचा पत्रा ठोकून केलेली देवाची किंवा पूर्वजाची मूर्ती, तळहाताएवढीही नसते. आमच्या देव्हाऱ्यात खंडोबा, भवानी आणि घराण्यातला कोण्या जुन्या लढाईत पडलेला वीर, असे टाक होते. लढाईत मेलेल्याला असं देवांत बसवलं नाही, तर तो उघड्यावर राहतो, घराभोवती फिरतो असं मानतात. आत्याबाई वर्षानुवर्षं हेच मागत होत्या. "माझं लेकरू परमुलखात भिजतंय, त्याला आत घ्या," म्हणायच्या. मामंजी आजवर टाळत आले होते. टाक बसवला म्हणजे मुलगा मेला हे कबूल करणं आलं, आणि मग ते जत्रेतलं वाक्य कायमचं शेवटचं ठरत होतं.

भावकी मोडता घालायला बसलीच होती. एक चुलत सासरे म्हणाले, "वीर? त्यो कसला वीर? गोऱ्याचं मीठ खाल्लं, गोऱ्यासाठी मेला. उद्या म्हनाल, गोऱ्या सायबाचा बी टाक करा."

"माझ्या घरचा देव्हारा हाय," मामंजी म्हणाले. "तुमी नका येऊ." इतकं ताडकन ते आयुष्यात भावकीला बोलले नव्हते.

चाकणच्या बाजारी मामंजी आणि मी गाडीतून सोनाराकडे गेलो. मला का नेलं, तर परतताना बाजार करायचा होता. आत्याबाईही यायचं म्हणत होत्या, पण डोळ्यांनी अधू, गर्दीत कुठं धडपडतील, शिवाय तिथं रडत बसतील, म्हणून त्यांना घरी ठेवलं. जिला विचारायचं तिलाच घरी ठेवून आम्ही दोघं शहाणे निघालो होतो.

सोनार म्हणाला, "घोडा, तलवार, पागोटं, हे तर असतंच. तोंड कसं करू? भरलेलं, उभट? मिशी?"

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. तुझा नवरा."

मी खाली पाहिलं. नवरा माझा होता, पण मी काय सांगणार? डावा अंगठा वाकडा होता हे सांगू? सोनारानं मग मामंजींना विचारलं. ते पागोटं चाचपू लागले. तेव्हाचे बाप वडीलधाऱ्यांसमोर मुलाला उचलून घेत नसत, त्याच्याशी कामापुरतं बोलत, आणि बोलताना बहुधा बैलाकडे पाहत. पोटच्या पोराचं तोंड त्यांनाही सांगता येईना. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. मला इतकी शरम वाटली की भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं. आणि त्या शरमेतच मी म्हणून गेले, "मिशी होती. पिळदार."

मामंजी सुटल्यासारखे म्हणाले, "व्हय, व्हय. व्हती मिशी."

दोघांनीही एकमेकांचं खोटं ओळखलं आणि दोघांनीही ते झाकलं. येताना गाडीत आम्ही गुळाच्या भावावर बोललो.

धुळवडीला वीर नदीवर न्यायचा असतो. ताटात टाक ठेवला, वर गुलाल आणि फुलं. पुढे हलगी, मागे मामंजी ताट घेऊन. भावकीची दारं लोटलेली. फटीतून बघत होते सगळे, ते आम्हालाही दिसत होतं. निघोज्याचा पहारेकरी मात्र आला. त्या उन्हात त्यानं लष्करातला जाड कोट चढवला होता आणि हलगीच्या पुढे तो एकटाच ताठ पावलं टाकत चालत होता. पोरं हसली. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, हा कशाला आला, गोऱ्याचा कोट घालून आमची शोभा करायला! इंद्रायणीत टाकाला अंघोळ घातली, मिरवत घरी आणला. पुरुषमाणसं अंगणात थांबली आणि मामंजींनी आत येऊन तो आत्याबाईंच्या हातात दिला.

आत्याबाई रोज सकाळी देव धूत. दिसत नसलं तरी कोणता टाक कोणाचा हे त्या अंगठ्यानं ओळखत. त्यांनी नवा टाक मांडीवर घेतला आणि अंगठा फिरवला. "घोडी हाय," म्हणाल्या, आणि हसल्या. "ब्येस केलंत. घोडीवरच पायजेल त्यो." अंगठा वर सरकत गेला. पागोटं. कपाळ. नाक. मग थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा थांबला.

"ह्ये काय?"

मी म्हटलं, "मिशी, आत्याबाई."

"कुनाची?"

मी पदर आणखी पुढे ओढला.

"माझ्या लेकराला कवा फुटली व्हती मिशी?" त्या म्हणाल्या. "नुसती लव व्हती वठावर. जत्रंला जायच्या दिशी मी न्हाऊ घातलं त्याला. ह्या हातानं."

मामंजी दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. मी पदर तोंडात धरला. तिनं त्याला न्हाऊ घातलं होतं! एवढंसं पोर होतं ते. बापानं जत्रेत झिडकारलेलं, गोऱ्यानं नेलेलं, गावानं हिणवलेलं, ते लव फुटलेलं पोर होतं, आणि आता मी त्याच्याहून वयानं कितीतरी मोठी होऊन त्याला मिशी चिकटवून आणली होती.

मला एकदम अंगणातला तो पहारेकरी आठवला. मी हळूच म्हटलं, "मामंजी, त्यांना विचारू या का? ते होते तिकडं." मामंजींनी नाही म्हणून मान हलवली. "लेकाचं तोंड आपल्याला ठावं न्हाई, ह्ये निघोज्यापत्तोर न्यायचं का आता?" आणि मला तरी ते विचारायला कुठं तोंड होतं? विधवेनं परक्या पुरुषाला विचारायचं, माझा नवरा दिसायला कसा होता हो!

आत्याबाई मात्र रडल्या नाहीत. टाक पुसून त्यांनी देव्हाऱ्यात, जुन्या वीराच्या शेजारी ठेवला. "असू द्या," म्हणाल्या. "चुकून कुनाचा दुसऱ्याचा आला आसंल. त्याची बी आई आसंलच की कुठं वाट बघत. बसू द्या त्याला. माझा यील त्याचा त्यो."

त्या दिवसापासून त्या टाकाला आमच्या घरात पाव्हणा म्हणू लागले. आत्याबाईच म्हणायच्या. "पाव्हन्याला फूल वाहिलंस का गं?" सणासुदीला पहिलं पान त्याला. "परक्याच्या घरी आलंय, लाजंल, पोटभर वाढ," असं बजावायच्या. रोज त्याला चिंचेनं घासत, पण घासताना कधी पोराशी बोलावं तसं बोलल्या नाहीत. खंडोबाशी भांडत, भवानीला गाऱ्हाणं सांगत, आणि पाव्हण्याशी पाव्हण्यासारखं अदबीनं वागत. आणि रोज तिन्हीसांजेला दाराशी बसून त्या रस्त्याकडे कान देत. स्वतःच्या लेकासाठी ते दार त्यांनी शेवटपर्यंत उघडं ठेवलं.

मामंजींना ते बघवत नसे. दिवेलागणीला ते मुद्दाम मळ्यात जाऊन बसत. दुसरा टाक करावा असं मला कितीदा वाटलं. पण तोंड कोणाचं करणार होतो?

काही वर्षांनी आत्याबाई गेल्या. दहाव्याला निघोज्याचा पहारेकरी आला. विधी आटोपून, जेवून तो पडवीत सुपारी कातरत बसला होता, त्या दोन बोटं नसलेल्या हातानं. मामंजी भिंतीला टेकून बसले होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले, आणि काय झालं कोण जाणे, आत परतायच्या ऐवजी तिथंच उभी राहिले. आत्याबाई गेल्या होत्या. आता मी कोणाला भीत होते, कोणापासून काय झाकत होते?

मी विचारलं, "भाऊ, आमच्या यांना मिशी होती का?"

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं, पण अडवलं नाही.

"व्हती की!" तो म्हणाला. "तिकडं गेल्यावर फुटली. आन् काय जपायचा तिला! पीळ देत बसायचा. आरसा माझ्यापाशी व्हता, रोज मागायचा. आमी चिडवायचो, कुनाला दावायचीय रं एवढी? तर म्हनायचा, बाबाला. म्हनायचा, बाबा म्हनल्यात तोंड दावू नगंस. पर ह्ये तोंड दावलं तर वळखायचं न्हाईत, पाव्हना म्हनून घरात घेतील, आन् मग मी हसंन." तो सुपारी तोंडात टाकून हसला. "टाक बगितला नव्हं का मी धुळवडीला. हुबेहूब मिशी. मला वाटलं, तुमी कुनाला तरी इचारूनच केली."

मामंजींनी उपरण्यात तोंड खुपसलं. त्यांचे खांदे हलत होते. पहारेकरी गोंधळला, आपलं काय चुकलं ते त्याला कळेना, आणि ते त्याला सांगण्याइतका धीर आमच्या दोघांतही नव्हता.

धुळवडीच्या दिवशी तो अंगणात उभा होता. मधे एक उंबरा होता. आम्ही दोघांनी लाजेपायी तो ओलांडला नाही, आणि आत एक आई पोटच्या पोराला पाव्हणा म्हणून वाढत राहिली, आणि दाराशी बसून त्याचीच वाट बघत गेली.

मी आत गेले. देव्हाऱ्यातून टाक काढला. आजवर मी त्याला घासलं होतं, पुसलं होतं, पण तोंडाकडे पाहिलं नव्हतं. पाहिलं की सोनाराचं दुकान आठवायचं. मी पदर कपाळावरून मागे सारला, मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिलं. मग आत्याबाईंच्या रिकाम्या पाटावर त्यांना ठेवलं, आणि बांगड्या फोडल्या त्या दिवशी जे रडायला हवं होतं, ते रडले.